मूठभर जावळ

दिवाळी उरकते, सोयाबीन आणि बाजरीची रानं मोकळी होतात, आणि शिर्डीच्या शिवारात मेंढ्यांचे वाडे उतरू लागतात. घोड्याच्या पाठीवर संसार लादलेला, त्या संसारावर कोंबड्या आणि अजून नीट चालता न येणारी कोकरं, मागून लाल पटक्याचा माणूस आणि त्याच्या हाकेवर चालणारा काळा कळप. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो. रात्रभर वाघुरीच्या जाळ्यात बसलेला कळप सकाळी निघून जातो आणि पुढच्या पिकाचं खत मागे ठेवतो. बदल्यात मेंढपाळाला धान्य मिळतं, हल्ली रोख पैसेही मिळतात. हा व्यवहार फार जुना आहे आणि आजही इमानाने चालतो.

मोडत चाललाय तो दुसरा व्यवहार, लोकरीचा. वाड्यावर कातरणी झाली की बांधाच्या कडेला काळ्या लोकरीचे पुंजके पडून राहतात. वारा त्यांना बाभळीच्या काट्यांत नेऊन अडकवतो, पाऊस त्यांना मातीत दाबतो. एकेकाळी ही लोकर मोजून घेतली जायची. आता ती न्यायला कोणी येत नाही.

मी ती आणते. एका वाड्यावर कोकरांची लोकर मागितली तेव्हा चुलीपाशी बसलेली बाई म्हणाली, "न्या की ताई, लागंल तेवढी न्या. आमाला काय करायचीय तिचं?" मी पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. लोकरीचे पैसे घ्यायची तिची सवयच मोडली होती. त्या मागे घेतलेल्या हातापासून मी लोकरीचा विचार करू लागले, आणि तो विचार करण्यासाठी मला एक फार छोटं काम सापडलं. साबणाच्या वडीला लोकरीत मढवायचं काम.

शहरांतल्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत असा साबण दिसतो. वडीभोवती रंगीत लोकरीचं घट्ट, शिवण नसलेलं आवरण असतं. हात ओला करून ते चोळलं की लोकरीतून फेस झिरपतो. साबण आणि घासणी एकाच मुठीत. परदेशातून आलेल्या मऊ मेरिनो लोकरीचे असे साबण दिसायला फार देखणे असतात. पण ज्या गावाच्या बांधावर लोकर पडून आहे त्या गावाने मेरिनोची वाट का पाहायची? मी दख्खनी मेंढीची लोकर घेतली.

दख्खनी मेंढी आपल्या माळाची लेक आहे. अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ती शतकानुशतकं चालत आली. बहुतेक काळी, अंगाने काटक, कमी पाण्यावर आणि वाळल्या गवतावर तग धरणारी. वर्षातून दोनदा तिची लोकर कातरतात आणि तरी एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभर भरत नाही. ही लोकर जाड आणि केसाळ असते. तिचे कपडे अंगाला टोचतात. पण कोकराची पहिली कातरणी, जिला जावळ म्हणतात, ती वेगळी असते. तिचा तंतू बारीक आणि लवचीक, टोकाशी उन्हाने किंचित तांबूस झालेला. जावळाच्या घोंगडीला जुनी माणसं मान द्यायची ती या मऊपणामुळे. साबणाला हीच लोकर हवी.

वाड्यावरून आणलेली लोकर आधी जमिनीवर पसरून निवडायची. तिच्यात रान असतं. गोखरू, कुसळं, वाळलेली पानं, लेंड्या. माझा हात त्या निवडण्यात रमतो, कारण त्या काडीकचऱ्यात कळपाची वाट वाचता येते. मग रिठे रात्रभर भिजवून, उकळून काढलेलं पाणी कोमट करायचं आणि लोकर त्यात नुसती बुडवून ठेवायची. घोळायची नाही, चोळायची नाही. चोळली तर ती तिथेच आवळायला लागेल. पाणी चहाच्या रंगाचं होतं, ते बदलायचं, पुन्हा बुडवायची. चार पाण्यांतून निघाली की सावलीत सुकवायची. या पाण्यात मेंढीच्या अंगचा मेणचटपणा आणि घामाचे क्षार उतरतात. तेच पाणी मी झाडांना घालते.

सुकलेली लोकर बोटांनी उकलून पिंजायची. पूर्वी पिंजारी धनुकलीच्या तातीवर लोकर उडवायचा, तिचा आवाज वाड्यावाड्यांत घुमायचा. घरात दोन लाकडी फण्या पुरतात. लोकर त्यांच्यावरून ओढली की तंतू एका दिशेला येतात आणि पातळ, हवेशीर थर तयार होतो, ज्यातून पलीकडचा उजेड दिसतो.

आता वडी. साबणाच्या कडा सुरीने गोल करून घ्यायच्या, कारण टोकदार कोपऱ्यांवर लोकर लवकर झिजते आणि फाटते. वडीवर एक थर उभा गुंडाळायचा, दुसरा आडवा, तिसरा तिरपा. थर पातळ असावेत, पण साबणाचा रंग कुठूनही डोकावू नये. मग हे मऊ बोचकं मच्छरदाणीच्या जुन्या तुकड्यात बांधायचं आणि वरून गरम पाणी शिंपडायचं, हाताला सोसेल इतकं गरम. सुरुवातीला नुसतं थोपटायचं. लोकर भिजते, बसते, साबणाला चिकटते. थोपटताना घाई केली तर थर सरकतात आणि वडी उघडी पडते. फेस दिसू लागला की तळव्यांमध्ये घेऊन चोळायला लागायचं, आधी हलक्या हाताने, मग जोर वाढवत. पंधरा-वीस मिनिटांत हाताखाली काहीतरी बदलतं. जे सैल होतं ते आवळतं. सुरकुत्या नाहीशा होतात. जाळी काढून चिमटीत लोकर धरून पाहावी. सुटा तंतू हाती आला तर अजून चोळायचं, आणि सगळं आवरण एकसंध उचललं गेलं तर काम झालं. गार पाण्यातून काढून टॉवेलमध्ये दाबायचं आणि हवेशीर जागी सुकायला ठेवायचं.

हे काम करताना पाण्याची परीक्षा होते. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुनखडीच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन पांढरी साय तयार होते, फेस धरत नाही आणि ती साय लोकरीत अडकून बसते. म्हणून पावसाचं साठवलेलं पाणी या कामाला उत्तम. ते नसेल तर क्षार काढणाऱ्या गाळणयंत्राचं पाणी तापवून घ्यावं. वडीभर साबणाला तांब्याभर पाणी पुरतं.

लोकर अशी का वागते, याचं उत्तर तिच्या अंगरचनेत आहे. लोकरीचा प्रत्येक तंतू केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो, तेच प्रथिन आपल्या केसांत आणि नखांत आहे. तंतूच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म खवले असतात, घरावरची कौलं जशी एकावर एक चढवलेली असतात तसे, सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेला. त्यामुळे तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. गरम पाण्याने तंतू फुगतो. साबण अल्कधर्मी असतो, त्याने खवले उघडतात आणि तंतू निसरडेही होतात. त्यावर हाताचं घासणं आलं की प्रत्येक तंतू एकाच दिशेने पुढे पुढे सरकत राहतो, शेजारच्या तंतूंत घुसतो, आणि मागे फिरायची वाट त्याला राहत नाही. गाठ कोणी मारलेली नसते, तरी सगळं जखडून जातं. एकदा बसलेली लोकर कोणालाही उकलता येत नाही. अशा एकजीव झालेल्या लोकरीला नमदा म्हणतात. यंत्रात धुता यावी म्हणून कारखान्यांत क्लोरीनची प्रक्रिया करून किंवा राळेचा लेप देऊन जिचे खवले निकामी केलेले असतात, त्या लोकरीचा नमदा होत नाही. जोडून घ्यायची ताकद त्या खवल्यांतच असते.

या गुणाचं मला फार अप्रूप वाटतं. कापसाला सूत व्हावं लागतं, सुताला मागावर चढावं लागतं, तेव्हा कापड होतं. लोकरीला चाती लागत नाही, माग लागत नाही. पाणी, ऊब आणि हाताचं घासणं एवढ्यावर ती वस्त्र होते. माणसाने हे फार लवकर ओळखलं असावं. अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक इथल्या बर्फाने जपलेल्या थडग्यांतून नमद्याची रंगीत चित्रं निघाली आहेत, ती सुमारे २,४०० वर्षांपूर्वीची मानतात आणि रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात ती आजही पाहायला मिळतात. मंगोलियातला भटका पशुपालक आपल्या गोल घराच्या भिंतीच नमद्याच्या करतो. किरगिझस्तानातल्या बायकांच्या 'शिरडक' या नमद्याच्या गालिच्याला युनेस्कोने २०१२ मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे काश्मीरचा नमदा प्रसिद्ध आहे. आणि दक्षिण महाराष्ट्रात व सीमेपलीकडच्या कर्नाटकात जेन होते. जेन विणत नाहीत. पिंजलेली लोकर पसरायची, पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि तासन्‌तास हातापायांनी मळायची. बसायला, निजायला, पूजेच्या आसनाला ती जाड जेन वापरतात. साबणाची माझी वडी ही त्या जेनेचीच धाकटी बहीण. मळणारे हात तेच करतात, फक्त आकार मुठीत मावणारा.

घोंगडीची गोष्ट मात्र वेगळी, ती मागावरची. धनगराच्या घरी बायका सूत कातायच्या आणि सणगर विणकर ते खड्ड्याच्या मागावर विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ देऊन तो उन्हात ताणायचा, कुंच्याने सारखा करायचा. त्या खळीचा वास नव्या घोंगडीला कितीतरी दिवस येतो. जी लोकर आज टोचते म्हणून नको झाली, तिच्या घोंगडीखाली महाराष्ट्राचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसात उभा राहिला. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा स्वतःत घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. भिजलेल्या घोंगडीतही ऊब राहते ती म्हणून. खळ्यावर तिचं आसन झालं, बाळंतिणीखाली अंथरूण झालं, देवाच्या जागरणात बैठक झाली.

मग गिरणीची ब्लँकेटं आली, ॲक्रिलिक आलं, हलकं, रंगीत, स्वस्त. विणकरांची मुलं दुसऱ्या कामांत गेली. लोकर विकून कातरणीची मजुरीही निघत नाही, असं मेंढपाळ सांगतात. पण कातरावं तर लागतंच. पावसात भिजलेल्या लोकरीचं ओझं मेंढीला सोसत नाही आणि तिच्या दाट लोकरीत गोचिड्या दडतात. म्हणजे लोकर काढायला खर्च आणि काढलेली फेकायला रान. साहजिकच कळपात बदल झाला. जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीच्या मेंढ्या आणि नर ठिकठिकाणी दिसू लागले, कारण ती मेंढी उंच, वजनदार आणि तिच्या अंगावर लोकर अगदी कमी. संशोधनाचा ओघही मुख्यतः मांसाकडे आणि कोकरांच्या संख्येकडे राहिला. आपल्या जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीवर काम होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जनुक दख्खनीत आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली. मेंढपाळाच्या पोटाचा विचार करणारं हे काम मोलाचं आहे, त्याचा मला आदर आहे. पण मेंढीच्या पाठीवर जे उगवतं त्याला गिऱ्हाईक मिळवून देणं हे प्रयोगशाळेचं काम नव्हे. ते आपलं काम आहे, वापरणाऱ्यांचं.

आणि हे काम शिर्डीने करावं, असं मला मनापासून वाटतं. या गावाचं धनगरांच्या देवाशी नातं आहे. साईबाबा चांद पाटलाच्या वऱ्हाडाबरोबर शिर्डीत आले, वऱ्हाड खंडोबाच्या देवळापाशी उतरलं आणि तिथल्या पुजाऱ्याने, म्हाळसापतींनी, "या साई" म्हणून त्यांचं स्वागत केलं. ज्या नावाने आज जग त्यांना ओळखतं ते नाव खंडोबाच्या दारात मिळालं. आणि खंडोबा म्हणजे बाणाईचा खंडोबा. धनगराच्या त्या पोरीवर जीव जडला म्हणून देव तिच्या बापाच्या वाड्यावर चाकरीला राहिला, मेंढ्या राखू लागला. देवाने मेंढपाळाचं काम अंगावर घेतलं, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने गायली आहे.

साईसच्चरितात हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकरांनी, शेळ्यांची एक गोष्ट सांगितली आहे. लेंडीबागेकडून परतताना बाबांना एक कळप दिसला. त्यातल्या दोन शेळ्यांवर त्यांची नजर खिळली. त्यांनी त्या विकत घेतल्या, सोळा रुपयांना एक, दोन शेळ्यांचे बत्तीस. बाजारात तेव्हा शेळीला फार तर तीन-चार रुपये पडत. बाबा फसले, असं म्हणून जवळची माणसं नाराज झाली. बाबांनी शेळ्यांना डाळ आणवून पोटभर खाऊ घातली आणि त्या पुन्हा त्याच धनगराच्या हवाली केल्या. बाबांनी त्याचं कारण त्या जिवांच्या पूर्वजन्मात सांगितलं, ते तिथे वाचावं. माझ्या मनात मात्र घर केलं आहे त्या धनगराने. एका साध्या दिवशी त्याच्या हातात बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे पडले, आणि ते देणाऱ्याला आपण फसलो असं वाटलं नाही. ज्या गावात हे घडलं त्या गावाच्या शिवारात आज मेंढपाळाची लोकर फुकट पडते, हे मला सहन होत नाही.

आपल्या जिल्ह्याला २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळालं. अहिल्यादेवी होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, १७२५ मध्ये जन्मलेल्या, धनगराच्या घरच्या लेक. नर्मदाकाठी महेश्वरला त्यांनी राजधानी केली तेव्हा विणकर आणून वसवले, आणि महेश्वरी लुगडं आजही त्यांच्या नावाचं स्मरण देतं. राज्य चालवणाऱ्या त्या बाईला कळत होतं की हाताला काम दिलं की घर उभं राहतं आणि घरं उभी राहिली की गाव. त्यांचं नाव पाटीवर लिहिलं, हे चांगलं झालं. पण त्यांच्या माहेरच्या माणसांची लोकर विकली जाईल तेव्हा त्या नावाचा खरा मान होईल. याच जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातून, ढवळपुरीच्या बाजूने, धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परततात. सगळा उन्हाळा पायांवर काढणारी ही माणसं आहेत. त्यांच्या दारात जाऊन लोकर विचारणं अवघड नाही.

साबणाची बाजूही शिर्डीला सोपी आहे. हे मुक्कामाचं गाव. रोज हजारो माणसं येतात, भक्तनिवासांत आणि लॉजांत उतरतात, अंघोळ करून दर्शनाला जातात आणि खोलीत साबणाची नुकती फोडलेली छोटी वडी ठेवून निघून जातात. अमेरिकेत ऑरलँडो इथे २००९ मध्ये सुरू झालेली 'क्लीन द वर्ल्ड' ही संस्था हॉटेलांतला असा साबण गोळा करते, निर्जंतुक करून त्याच्या नव्या वड्या पाडते आणि गरजूंना वाटते. आपल्या घरी ते यंत्र नाही, म्हणून परक्याचा साबण घेऊ नये. पण आपल्याच घरात साबणाच्या झिजलेल्या कपच्या साठतातच. त्या थोड्या पाण्यात मऊ करून, दाबून त्यांचा गोळा करावा, दोन-तीन दिवस सुकू द्यावा आणि त्यावर लोकर चढवावी. हातातून निसटणाऱ्या त्या कपच्यांचा शेवटचा कणही कामी येतो. साबण आत झिजत जातो तशी लोकर त्याच्या मागे आवळत जाते, पोकळी राहू देत नाही.

या वडीचा उपयोग कुठे करावा, हेही सांगते. दख्खनी लोकर खरखरीत आहे, ती जावळाची असली तरी. तान्ह्या बाळाला आणि नाजूक कातडीला ती लावू नये, चेहऱ्याला तर नकोच. पण कोपरं, गुडघे आणि टाचा यांच्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही. आणि टाचा म्हटलं की मला पदयात्री आठवतात. रामनवमीला मुंबईहून पालख्या घेऊन माणसं चालत शिर्डीला येतात. कसारा घाट चढून, उन्हात तापलेल्या डांबरावरून, रात्री मंगल कार्यालयांत आणि शाळांत मुक्काम करत. गावात पोचतात तेव्हा त्यांचे पाय धुळीने काळे आणि भेगांनी फाटलेले असतात. त्यांच्या पायांना आमच्या माळावरच्या लोकरीने मढवलेला साबण मिळावा, असं मला वाटतं. मेंढ्यांमागे चालणाऱ्याची लोकर आणि बाबांकडे चालत येणाऱ्याचे पाय. दोघांनाही रस्ता ठाऊक आहे.

वापरल्यावर वडी पाण्याच्या डबक्यात ठेवू नये. छिद्रांच्या साबणदाणीत किंवा सुतळीला बांधून टांगून ठेवावी, म्हणजे सुकते आणि पुष्कळ दिवस पुरते. साबण संपला की हातात लोकरीचा घट्ट गोळा उरतो. तो कातरीने एका बाजूला कापून आत नव्या कपच्या भरता येतात. अगदीच झिजला तर कुंडीच्या मातीत पुरावा. केराटिनमध्ये नत्र असतं, गंधक असतं, ते झाडाला सावकाश मिळत राहतं आणि लोकर मातीत ओलावा धरून ठेवते. रानातून आलेली वस्तू रानातच परत जाते, मागे प्लास्टिकचा तुकडाही ठेवत नाही.

एवढ्याशा साबणाने दख्खनी लोकरीचा प्रश्न सुटेल, असं मी म्हणत नाही. एका वडीला मूठभर जावळ लागतं आणि वाड्यावर पोती भरतील इतकी लोकर निघते. पण बाजार तुटतो तेव्हा आधी ओळख तुटते. ज्या पोराने कधी लोकर हातात घेतली नाही, तो मोठा होऊन घोंगडी कशाला मागेल? आणि ज्याने एकदा गरम पाण्यात, आपल्या दोन तळव्यांमध्ये, सैल लोकर आवळताना अनुभवली, त्याला ती पुन्हा कचरा वाटणार नाही. म्हणून हे काम मुलांना द्यावं. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला याहून चांगला पाठ नाही. त्यात रसायनशास्त्र आहे, प्राणिशास्त्र आहे, इतिहास आहे आणि आपल्या शिवारातून दरवर्षी जाणाऱ्या माणसांची ओळख आहे. खर्च जवळपास शून्य.

बचत गटाच्या बायकांनाही हे जमेल. भांडवल लागतं ते पाण्याचं पातेलं, जाळीचा तुकडा आणि वेळ. शिर्डीच्या बाजारात हार, पेढे, चादरी, मूर्ती आणि तसबिरी मिळतात. त्यांच्या शेजारी या मातीतली, या माळावरच्या मेंढीची, इथल्या हातांनी केलेली एक वस्तू असावी. येणारा भक्त घरी काहीतरी नेतोच. त्याने ही नेली तर त्या पैशाचा वाटा वाड्यावर पोचेल. मात्र तो पोचेल याची काळजी विकणाऱ्याने आधी घ्यावी. लोकर फुकट उचलून तिच्यावर नफा कमावणं हा कातरणाऱ्याच्या घामाचा अपमान होईल.

यंदा कातरणीच्या दिवसांत तुमच्या शिवारात वाडा उतरला तर तिथे जा. चहा मिळेल, बसायला घोंगडी मिळेल. कोकरांचं जावळ वेगळं ठेवायला सांगा, तोलून घ्या. समोरच्या माणसाने हात मागे घेतला तरी आग्रह धरा आणि लोकरीचे पैसे त्याच्या हातात ठेवूनच उठा.